मास्तरांचे तीनशे बारा व्हिडिओ

दिराने ते जिन्यातच सांगितलं. थोरली सकाळी प्रेसला निघाली होती, डबा पिशवीत कोंबत खाली उतरत होती, आणि तो खालच्या दारात चपला चढवत होता.

"वहिनी, दादाचं ते चॅनेल रविवारी बंद करतोय. म्हटलं, आधी कानावर घालावं."

ती पायरीवरच थबकली. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. लेक हॉस्टेलवरून रविवारी येतेय, ती करून देईल. मला त्यातलं कळत नाही."

"पण का?"

"का काय? घरबसल्या फुकटात सगळं शिकवून टाकल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार? दादा होता तोवर तोंड मिटून बसलो. आता दुकान मला एकट्याला ओढायचंय."

"ते व्हिडिओ त्यांचे आहेत, भावजी."

"अकाउंट माझं आहे," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता चालता झाला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बसथांब्यापर्यंत चालत जाताना तिला कळून चुकलं की दीर बोलला त्यात खोटं काही नव्हतं. अकाउंट त्याचंच होतं. मास्तरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पासवर्ड वगैरे भानगडींचा भारी कंटाळा. शिलाई मशीनचा बारीकातला बारीक स्क्रू डोळे मिटून ओळखणारा हा माणूस, पण फोनने नाव-पत्ता विचारला की तो भावाकडे फेकायचा. बारा वर्षांपूर्वी पहिला व्हिडिओ चढवताना दिराने स्वतःचा नंबर घातला, तो तसाच राहिला. तेव्हा कोणाच्या मनात काही नव्हतं. दोघे भाऊ एका टेबलावर समोरासमोर बसून मशीनं उघडत होते.

व्हिडिओ मास्तरांनी केले आणि फोन धरला थोरलीने. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून. तिचा चेहरा एकाही व्हिडिओत नाही, आवाज मात्र जागोजागी आहे. "हा कुठला स्क्रू?" "जरा हात बाजूला घ्या, दिसत नाहीये." मास्तर तिला 'कॅमेरामन' म्हणत. शिलाई मशीनचं तेलपाणी कसं करायचं इथपासून ते बंद पडलेली मोटर कशी जागी करायची इथपर्यंत तीनशे बारा धडे झाले. फोनमधली जागा भरली की वर चढवलेला व्हिडिओ पुसून टाकायचा, हा अकरा वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे मास्तर जाऊन चौदा महिने झाले तरी ते जे काही बोलत-हसत होते ते फक्त त्या चॅनेलवर. घरात एक तुकडाही नव्हता.

प्रेसमध्ये ती डीटीपीचं काम करायची. पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. शेजारच्या टेबलावर डिझायनर बसायचा. त्याला सगळे चष्मिष म्हणत आणि तो ओ देत असे. थोरलीने त्याला सगळं सांगितलं, फक्त दिराला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या तेवढ्या गाळल्या.

"एवढंच ना?" चष्मिष म्हणाला. "उतरवून घ्या सगळे."

"तीनशे बारा? एकेक करत? रविवारपर्यंत?"

"एकेक कशाला? डाउनलोड मॅनेजर कशाला असतो मग? व्हिडिओ तुमच्या घरातलेच आहेत, कोणाची चोरी नाही. आणा तुमचा लॅपटॉप."

त्याने जेवणाच्या सुट्टीत तो बसवून दिला. मास्तरांच्या सात प्लेलिस्ट होत्या. पहिलीची लिंक त्याने त्या चौकटीत चिकटवली, आणि क्षणभर गरगरून अख्खी यादी उलगडली. प्रत्येक ओळीला एक खूण, पुढे धड्याचं नाव, किती मिनिटांचा, किती जागा खाणार. थोरली बघतच राहिली.

"हे बघा, ताई. एका वेळी तीनच चालू ठेवा, नाहीतर सगळेच रखडतात. नावापुढे आपोआप क्रमांक लागेल, म्हणजे धडे मागेपुढे होणार नाहीत. मधे नेट गेलं तर घाबरायचं नाही, जिथे तुटलं तिथूनच पुढे घेतो. आणि इथे वेगाला लगाम घालता येतो. कोणाच्या डोळ्यावर यायचं नसेल तर."

"येऊ दे डोळ्यावर," थोरली म्हणाली. "मी काय कोणाला भिते?"

पण भ्यायला हवं होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. घर एक, चुली दोन. वर थोरली, खाली दीर आणि धाकटी जाऊ. नेटचा राउटर खालच्या हॉलमध्ये, कपाटावर. वरच्या मजल्यावर त्याची रेंज फक्त खिडकीपाशी धड यायची. बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, सातही प्लेलिस्ट रांगेला लावल्या आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. हिरव्या पट्ट्या एकेक करत भरू लागल्या. 'मशीन उघडण्याआधी.' झाला. 'सुई कशी निवडावी.' झाला. 'टाका का सुटतो.' अर्धा. धडे फोनवर बघण्यापेक्षा या पट्ट्या भरताना बघणंच तिला जास्त गोड वाटत होतं.

खाली धाकटी फोनवर मालिका बघत होती. मालिका अडकली. चाक फिरायला लागलं. धाकटीने फोन हलवला, हातावर आपटला, दारात नेला, आणि मग तोंडाचा पट्टा सुरू केला.

"ताई! वर काय चाललंय तुमचं? माझं नेट कुठे गेलं?"

थोरलीने ओ दिली नाही. ती चूकच झाली. धाकटी जिना चढून वर आली, दारातून आत बघितलं आणि कट्ट्यावरच्या हिरव्या पट्ट्या तिला दिसल्या. प्रत्येक ओळीवर मास्तरांच्या चॅनेलचं नाव.

"अच्छा," ती म्हणाली. "हे आहे होय."

"हेच आहे. तुझ्या नवऱ्याला सांगायला जा आता पळत."

"पळत कशाला जाऊ? फोन आहे की माझ्याकडे."

पाच मिनिटांत राउटरची वायर उपसली गेली. यादीतला आकडा एक्केचाळीसवर थांबला. संध्याकाळी राउटर पुन्हा सुरू झाला, पण पासवर्ड बदलून. थोरलीने फोनचा डेटा वापरून बघितला; चार व्हिडिओंत दिवसाचा कोटा संपला. दिराने वर येऊन एक शब्द बोलावा, भांडावं, एवढीही तिची किंमत ठेवली नव्हती. जेवताना खालून हसण्याचा आवाज आला. ते तिलाच हसत होते असं नाही, पण तिने ते स्वतःवर घेतलं आणि घास ताटात टाकून उठली.

गुरुवारी तिने लॅपटॉप प्रेसमध्ये नेला. तिथलं नेट दणदणीत होतं. तासाभरात साठ व्हिडिओ उतरले, आणि मालक केबिनमधून बाहेर आले. एका पुस्तकाची फाइल पाठवायची होती, ती जागची हलत नव्हती.

"कोण काय ओढतंय एवढं?"

चष्मिषने थोरलीकडे न बघता हात पुढे केला आणि वेगाला लगाम घातला. मालकांची फाइल सुटली. थोरलीच्या पट्ट्या मुंगीच्या चालीने सरकू लागल्या. संध्याकाळी मालक मेन स्विच बंद करूनच घरी जायचे, त्यामुळे लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून जायचीही सोय नव्हती.

तीनच्या सुमाराला यादीच्या तळाशी एक ओळ लाल झाली. 'व्हिडिओ उपलब्ध नाही.' तिला वाटलं, नेटचा काही घोळ असेल. मग तिच्या वरची लाल झाली. मग आणखी एक. सव्वातीनपर्यंत सव्वीस ओळी लाल होत्या.

दीर रविवारची वाट बघत थांबला नव्हता. त्याला अख्खं चॅनेल बंद करता येत नसेल, पण एकेक व्हिडिओ पुसणं त्याने शिकून घेतलं होतं. चॅनेल उघडलं की सगळ्यांत नवे व्हिडिओ सगळ्यांत वर दिसतात. तो वरून पुसत आला होता आणि थोरली पहिल्या धड्यापासून उतरवत होती.

त्या सव्वीसमधले शेवटचे नऊ धडे आजारपणातले होते. मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागल्यावरचे. त्यांत मास्तर बोलतात आणि स्क्रू फिरवतात ते थोरलीचे हात. फोन स्टँडला लावून ती पहिल्यांदाच समोर आली होती. मनगटापर्यंतच.

ती खुर्चीवरून उठली, पर्स घेतली, मालकांना काही न सांगता बाहेर पडली आणि थेट दुकानात गेली.

दुकानात एक बाई मोटरचं पेडल घेऊन उभ्या होत्या. दीर काउंटरवर कोपर टेकून फोनवर अंगठा चालवत होता. तीन ठिपके, पुसा, खात्री आहे का, हो. तिने ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

"आण तो फोन इकडे," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने दिराला एकेरीत हाक मारली होती.

"वहिनी, गिऱ्हाईक आहे."

"असू दे गिऱ्हाईक. बघू दे त्यांना पण. मेलेल्या भावाचा आवाज पुसणारा माणूस कसा दिसतो ते बघू दे."

तिने फोनला हात घातला. त्याने सोडला नाही. क्षणभर दोघेही तो फोन लहान पोरांसारखे ओढत राहिले. पेडलवाल्या बाई एक पाऊल मागे सरकल्या. मग दिराने झटका दिला आणि थोरलीचा हात काउंटरच्या कडेवर आपटला.

"लागलं?" तो पटकन म्हणाला. आणि तिचं तोंड बघून त्याचाही आवाज चढला. "ऐका मग. अकरा वर्षं तुम्ही फोन धरलात. दुकान मी धरलं. रविवारी तुमचं शूटिंग, आणि सोमवारी त्याच्या अंगावरची कामं मी उपसायचो. शेवटच्या वर्षी तो किती दिवस आला इथे? बोला ना! तुम्ही त्याला उचलून आणायचात, दोन तास व्हिडिओ करायचात आणि घेऊन जायचात. गिऱ्हाइकांच्या शिव्या कोणी खाल्ल्या? लोक म्हणायचे, मास्तर आम्हाला फुकट शिकवतात, तुम्ही कसले दर सांगता. ह्याच काउंटरवर, ह्याच तोंडावर!"

"तुम्हाला मशीन उघडता येतं ते कोणामुळे?"

"ते दादाने विचारलं असतं तर ऐकून घेतलं असतं," दीर म्हणाला. "तुम्ही विचारायचं नाही."

पेडलवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "मी उद्या येते." कोणीच त्यांच्याकडे बघितलं नाही.

थोरली घरी आली. हातावर काळं-निळं उमटलं होतं. तिने चहा टाकला, तो पातेल्यातच राहू दिला, आणि गच्चीवर गेली. पाण्याची टाकी गच्चीवर, आणि खालच्या मजल्याचा कॉक टाकीच्या बुडाशी. तो कॉक तिने दोन्ही हातांनी फिरवून घट्ट बंद केला.

शुक्रवारी सकाळी खालून धाकटीची किंकाळी आली. केसांना साबण, डोळ्यांना साबण, आणि नळ कोरडा. जिन्यातून ती ओरडत होती, "ताई, माणूस आहात की कोण? डोळे जळतायत माझे!" थोरली आरशासमोर उभी राहून शांतपणे वेणी घालत होती. तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण संध्याकाळी. सकाळी तिला बरं वाटत होतं.

प्रेसमध्ये चष्मिषने रांग उलटी लावून दिली. आता खालून वर. दिराची कुऱ्हाड ज्या धड्यावर पडणार त्याच्याआधी तो धडा उतरवायचा. यादीच्या एकाच टोकाला दोघे कामाला लागले होते आणि एकमेकांना न बघता एकमेकांची चाल ओळखत होते. दुकानात गिऱ्हाईक आलं की लाल ओळी थांबायच्या. दुपारी जेवणाच्या वेळी पटापटा वाढायच्या. काही व्हिडिओ अर्ध्यावर असताना तुटले. एक तर शंभरातले अठ्ठ्याण्णव झाल्यावर. अशा वेळी थोरलीच्या तोंडून जे शब्द निघाले ते ऐकून पलीकडच्या बाइंडरने मान वर केली. मालकांनीही एव्हाना सगळं ऐकलं होतं. शनिवारी सकाळी ते केबिनच्या दारातून नुसतं म्हणाले, "आज काही मोठं पाठवायचं नाहीये. काढा तो लगाम."

शनिवारी दोन वाजता यादी संपली. उतरलेले दोनशे अडुसष्ट. गेलेले चव्वेचाळीस. चष्मिषने सगळं दोन वेगळ्या डिस्कवर चढवून दिलं आणि एक स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलूप घालून ठेवली.

"जिंकलात की, ताई."

"कसली जिंकले," ती म्हणाली. "नवाच्या नऊ गेले."

रविवारी दिराची लेक हॉस्टेलवरून आली. वरच्या खोलीत बसून थोरलीला खालचं बोलणं ऐकू येत होतं. पोरगी म्हणत होती, "बाबा, नक्की ना? परत येणार नाही हं." मग दीर म्हणाला, "कर." थोरलीने फोनवर चॅनेल उघडलं. मास्तरांचा गोल फोटो होता तिथे राखाडी वर्तुळ आलं, आणि खाली एक ओळ, हे पान सापडत नाही.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो नुसता राग, आणि तो दिवसेंदिवस आंबत गेला. जिन्यात समोरासमोर आले तर दोघांपैकी एक मागे फिरायचा. पाण्याचा कॉक तिने उघडला होता, पण धाकटी तेव्हापासून दोन बादल्या भरून ठेवल्याशिवाय न्हायला जात नसे.

त्या दिवसांत थोरलीला एक बाई आठवल्या. एका तुरुंगात त्या बायकांचा शिवणवर्ग घ्यायच्या. मास्तरांच्या धड्यांखाली नेहमी त्यांचा प्रश्न असायचा, आणि एकदा त्यांनी ईमेलही पाठवला होता. तो शोधून थोरलीने त्यांना लिहिलं. जे झालं ते सगळं लिहिलं, गेलेल्या धड्यांची यादी जोडली, आणि शेवटी विचारलं की तुमच्याकडे चुकून काही राहिलं आहे का.

आठवड्याने पाकीट आलं. आत पेनड्राइव्ह आणि एक चिठ्ठी. "आमच्याकडे आत नेट चालत नाही, म्हणून मी मास्तरांचे धडे घरी उतरवून आत नेते. चव्वेचाळीसपैकी एकतीस माझ्याकडे सापडले. वर्गातला संगणक जुना आहे, मोठी फाइल त्याला झेपत नाही, म्हणून मी नेहमी सगळ्यांत हलकी प्रत घेत असे. चित्र धूसर आहे, त्याबद्दल माफ करा. आमच्या बायका मास्तरांना आवाजावरून ओळखतात."

नवातले सहा त्यात होते. चित्र इतकं धूसर की स्क्रू कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं ते कळेना. तरी तिने सहाच्या सहा एका बैठकीत पाहिले. शेवटी तेरा धडे कायमचे गेले ते गेलेच.

मग तिने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरवर नवं चॅनेल काढलं आणि दोनशे नव्व्याण्णव धडे एकेक करून चढवायला घेतले. ही बातमी खाली पोचायला तीन दिवस लागले. दीर जिन्याच्या तळाशी उभा राहून, वर न चढता, मोठ्याने म्हणाला, "मी तक्रार करीन! ते व्हिडिओ माझ्या अकाउंटवरचे आहेत!"

"करा," ती वरून म्हणाली. "सगळ्यांत आवाज माझा आहे. तुमचा एका तरी व्हिडिओत आहे का, ते शोधून ठेवा."

तक्रार त्याने केली नाही. का केली नाही, ते तिने विचारलं नाही. लेकीने समजावलं असेल, किंवा फॉर्म इंग्रजीत असेल.

दोन महिने गेले. नव्या चॅनेलवर जुने लोक परतू लागले होते. एका शनिवारी दुपारी खाली गलका ऐकू आला आणि मग जिन्यावर जड पावलं. घामाने निथळणारा एक माणूस खांद्यावर जाड कापडाचं मोठं मशीन घेऊन दारात उभा राहिला. तंबू शिवायचं काम करतो म्हणत त्याने कार्ड पुढे केलं. दोन बस बदलून आला होता, आणि दुकान बंद बघून घराचा पत्ता विचारत इथवर पोचला होता.

"खाली विचारलं तर म्हणाले, मास्तरांचं सगळं वर आहे, वरच जा. तुमचंच ना ते चॅनेल?"

"माझंच. पण मी दुरुस्ती करत नाही."

"दुरुस्ती करत नाही, मग शिकवता कशाला?" त्याने मशीन धाडकन जमिनीवर ठेवलं. "तुमच्या धड्यात बघून हूकचं टायमिंग लावलं. अगदी सांगितलं तसं. तीन सुया मोडल्या, आणि चौथी उडून माझ्या बायकोच्या भुवईला लागली. जरा खाली लागली असती तर डोळा गेला असता!"

थोरली पुढे आली. "कुठल्या धड्यात?"

त्याने फोन काढून दाखवलं. धूसर सहांपैकी एक. मास्तर थकलेल्या आवाजात सांगत होते, सुई अगदी तळाला जाऊ द्यायची, मग चार मिलिमीटर वर येऊ द्यायची, तेव्हा धागा पकडणाऱ्या हूकचं टोक सुईमागे आलं पाहिजे.

तिने मास्तरांची पेटी उघडली. स्क्रूड्रायव्हर काढला. मशीन उताणं केलं, खालचं झाकण काढलं. तीनशे वेळा तिने हे समोर बसून पाहिलं होतं, नऊ वेळा स्वतःच्या हातांनी केलं होतं. पण तेव्हा शेजारी बसून कोणीतरी सांगत होतं, आता डावीकडे, आता थांब. अर्धा तास ती झटली. स्क्रू सैल केला, हूक फिरवला, स्क्रू आवळला. चाक हाताने फिरवलं की आतून कट्ट असा आवाज यायचा. माणूस उंबऱ्यात बसून घड्याळ बघत होता.

अखेर ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, "खाली न्या. ते करून देतील."

"त्यांनीच वर पाठवलं ना!"

"आता मी खाली पाठवतेय. मशीन बघितल्यावर ते नाही म्हणायचे नाहीत."

तो शिव्या देतच उतरला. थोरली जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहिली. शनिवारी अर्ध्या दिवसाने दुकान बंद करून दीर घरी आलेला असे. खालचं दार उघडं होतं. तो काहीतरी पुटपुटला, माणूस तावातावाने बोलला, धाकटीने मधे तोंड घातलं. मग दिराने फरशीवर पोतं अंथरल्याचा आवाज आला. त्यानंतर दहा मिनिटं स्क्रूड्रायव्हरची खुडबुड. मग मशीनचं चाक फिरल्याचा आवाज. मऊ, सलग, कुठेही न अडखळता.

मनातल्या मनात तिने मानलं. कसबी हात होता त्याचा, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. आणि ते मानावं लागलं म्हणून तिला त्याचा आणखी राग आला.

माणूस मशीन खांद्यावर घेऊन गेला. दीर जिन्याच्या तळाशी आला. वर बघितलं नाही. कठड्याकडे बघत म्हणाला, "चार नाही, दोन. दादाने चार सांगितलंय. आजारात बोलता बोलता चुकला असेल. त्यात तुमचं ते चित्र धूसर, सुईशेजारी धरलेल्या मोजपट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. बघणारा कान देणार, आणि सुया मोडून घेणार. म्हणून म्हणत होतो, बंद करा."

"पुसलं नसतंत तर मोजपट्टी स्पष्ट दिसली असती," ती म्हणाली.

तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

थोरलीने तो धडा पुन्हा लावला. एकदा, दोनदा, पाचदा. आवाज चार म्हणत होता. त्या धूसर ठिपक्यांमध्ये तिचे स्वतःचे हात होते, आणि त्या हातांनी किती ठेवलं होतं ते तिला आता सांगता येईना. त्या रविवारी मशीन नीट चाललं होतं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. म्हणजे मास्तरांनी डोळ्यांनी तिच्याकडून बरोबर करून घेतलं होतं आणि तोंडाने चूक सांगितलं होतं. शेजारी बसून तिलाही ते कळलं नव्हतं.

धडा काढून टाकावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. बोट तीन ठिपक्यांवर गेलंही. मग ती उठली आणि जिन्यात येऊन हाक मारली, "धाकटे!"

धाकटी दार किलकिलं करून बघू लागली. "काय?"

"विचार त्यांना, दोन सगळ्या मशीनना की फक्त जाड कापडाच्या?"

धाकटी आत वळली. आतून दिराचा आवाज आला, इतका मोठा की निरोप्याची गरजच नव्हती. "साध्याला दोन! जाडला सव्वादोन ते अडीच! आणि सुई नवी घालूनच मोजायचं म्हणावं, वाकड्या सुईवर मोजून काही उपयोग नाही!"

"ते म्हणतात," धाकटीने सुरुवात केली.

"ऐकलं मी," थोरली म्हणाली आणि वर गेली.

धड्याखालच्या जागेत तिने टाइप केलं. या धड्यात सातव्या मिनिटाला चार मिलिमीटर असं सांगितलं आहे, ते चूक आहे. साध्या मशीनला दोन आणि जाड कापडाच्या मशीनला सव्वादोन ते अडीच मिलिमीटर ठेवावं. मोजताना सुई नवी घालावी. मग तीच ओळ चित्रावरही ठळक अक्षरांत येईल असं केलं. अक्षरजुळणी हे तर तिचं रोजचं काम. दुरुस्ती कोणी सुचवली ते लिहायचं की नाही, यावर ती बराच वेळ अडून बसली. कर्सर लुकलुकत राहिला. तिने लिहिलं नाही. धडा पुन्हा चढवायला लावला, आणि पट्टी भरत असताना तंबूवाल्याच्या बायकोची भुवई कशी आहे ते विचारायला त्याला फोन लावला.